लसणाच्या सोळा पाकळ्या

सोळावी पाकळी ठेचून झाली आणि आईने सगळा लसूण मिठात कालवून मासळीच्या तुकड्यांना चोळला. दहा मिनिटं तसाच ठेवला. मग फडक्याने एकेक तुकडा पुसला आणि होता तसा डब्यात रचून ठेवला.

मुलगा मास्तरांना आणायला गेला होता. जाताना बजावून गेला होता, "आई, फ्रीजमधल्या डब्याला हात लावायचा नाही हं."

पण डबा उघडून बघितल्यावर तिला राहवेना. सुशीत मासळी कच्चीच खायची, इथवर तिने मनाची समजूत घातली होती. पण ती अशी उघडीबोडकी? चाळीस वर्षांत तिच्या हातची मासळी लसूण लागल्याशिवाय कुणाच्या ताटात गेली नव्हती. आणि आजचा पाहुणा काही साधासुधा नव्हता.

मास्तर म्हणजे मुलाच्या हॉटेलातले मुख्य आचारी. तिथे पुढच्या काउंटरवर, गिऱ्हाइकांच्या डोळ्यांसमोर सुशी करायची जागा रिकामी झाली होती. मुलगा सहा वर्षं मागच्या स्वयंपाकघरात भात शिजवत होता. ही जागा हुकली तर पुढची सहाही भातातच जाणार होती. मास्तरांची रीत अशी, की माणूस निवडायचा तर त्याच्या घरी जाऊन, त्याच्या हातचं जेवायचं. "हॉटेलात सगळेच शहाणे असतात," ते म्हणायचे, "घरी काय करतोस ते दाखव."

मुलगा त्यांच्याविषयी बोलायला लागला की थांबायचा नाही. "नाक कसलं गं आई त्यांचं! मासा सकाळचा की कालचा, टोपली उघडायच्या आत सांगायचे म्हणे. आणि शिकवायला कडक! स्वतः चमचा तोंडाला लावत नाहीत. आम्हाला चाखायला लावतात आणि काय काय लागलं ते मोठ्याने म्हणून घेतात."

मास्तर आले. किडकिडीत माणूस, कडक इस्त्रीचा सदरा.

"ताई, उगाच त्रास दिला तुम्हाला."

"त्रास कसला? घर तुमचंच आहे."

मुलाने टेबलावर बांबूची चटई पसरली, तिच्यावर शेवाळाचा काळा कागद, त्यावर भात. मग डब्याचं झाकण काढलं आणि त्याचा हात जागच्या जागी थबकला. त्याने वर बघितलं ते थेट आईकडे.

त्या एका नजरेत तिला सगळं कळलं.

"काय रे, थांबलास का?" मास्तर हसले. "मासा पळाला की काय?"

दुसरी मासळी घरात नव्हती. मुलाने गुंडाळी केली, सुरी ओली करून कापली. प्रत्येक कापाबरोबर लसणाचा भपकारा खोलीभर सुटत होता.

मास्तरांनी पहिला तुकडा तोंडात टाकला. सावकाश चावला. दुसरा घेतला, मग तिसरा. मायलेक न्यायाधीशापुढे उभे असल्यासारखे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"याला म्हणतात हात," मास्तर म्हणाले. "मासळी आणि भात. मध्ये तिसरं कुणी लुडबुडत नाही."

मुलाचे कान लालबुंद झाले. आईला वाटलं, याच्यापेक्षा त्यांनी घास थुंकला असता तर बरं झालं असतं. मोठी माणसं अशीच, मखमलीत गुंडाळून जोडा हाणतात. धरणीने पोटात घ्यावं म्हटलं तर तीही वेळेवर दुभंगत नाही.

"मास्तर, माफ करा," मुलगा म्हणाला. "आज माझं चुकलं."

मास्तरांचा हात ताटावरच राहिला. "चुकलं? काय चुकलं ते तूच सांग. मोठ्याने."

मुलाने एकदा आईकडे बघितलं. "माझी तयारी कमी पडली."

"हं," मास्तर म्हणाले आणि पाण्याचा पेला उचलला. "ज्याचं त्याला कळलं म्हणजे झालं."

आईने पदर तोंडाशी नेला. खोटं बोलायचं नाही हा तिचा रोजचा नेम, आणि आत्ताही ती खोटं बोलली नव्हती. पण पोराने आपल्या वाटचा दोष डोक्यावर घेतला आणि आपण पदराआड तोंड लपवलं, याला देवाच्या दारी काय म्हणायचं? तिला स्वतःचीच किळस आली.

जेवण उरकलं. मुलगा खाली गाडी बघायला गेला. मास्तर दाराशी वाकून बूट घालत होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मास्तर, एक ऐका. तो लसूण मी चोळला."

नाडी बांधणारी बोटं थांबली.

"त्याला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. सोळा पाकळ्या घातल्या मी, माझ्या अडाणी हातांनी. त्याने सांगितलं होतं, हात लावू नकोस म्हणून. तुम्ही मोठ्या मनाने गोड बोललात. पण माझ्या मूर्खपणापायी त्याची जागा घालवू नका."

"लसूण," मास्तर म्हणाले.

"हो. माझ्यावर विश्वास नसेल तर हे बघा." तिने दोन्ही तळवे पुढे केले. "तीनदा साबण लावला, तरी नुसती घाण मारतेय."

मास्तरांनी जिन्याकडे बघितलं. खाली अजून कुणाची चाहूल नव्हती. ते वाकले, तिच्या तळव्यांपाशी नाक नेलं आणि डोळे मिटून छातीभर श्वास घेतला. सोडला. पुन्हा घेतला. मग आणखी एकदा.

मान वर केली तेव्हा त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला होता. तिच्या नजरेला नजर देववत नव्हती.

"ताई," त्यांनी अगदी हळू विचारलं, "अजून येतोय वास?"