शेवटचा फर्मा

"डोकं फिरलंय का या लेखकाचं!" आमरीननं हातातली पानं सतरंजीवर आपटली.

छावणीतल्या त्या छोट्या दुकानात ऐकायला कुणी नव्हतं. तिचे अब्बा, रहीमभाई बाइंडर, नमाज पढायला गेले होते. एका वाचनालयाची चाळीस फाटकी पुस्तकं नव्यानं बांधायला आली होती. जुनी शिवण उसवायची, सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे करून क्रमानं लावायचे, हे आमरीनचं काम. आणि उसवता उसवता पुस्तक वाचून काढायचं, ही तिची खोड.

या कादंबरीतल्या सोनियानं तिला तीन दिवस झपाटलं होतं. खेड्यातली पोर, सायकलच्या शर्यतीत अख्खा जिल्हा मागं टाकते, पुण्याच्या शिबिरात निवडली जाते. आणि शेवटच्या फर्म्यात काय? बाईसाहेब पुण्याची एसटी धरायला स्टँडवर बसतात, आईच्या हातची भाकरी आठवून रडतात आणि पहिल्या रिक्षानं घरी परततात. वर लेखक म्हणतो, तिला खरं सुख गवसलं. डोंबलाचं सुख!

आमरीनला स्वतःला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. आठ दिवस झाले, फुफी, खाला, शेजारची चाची, सगळ्या तिला हेच सुख समजावत होत्या. अब्बा हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते. आणि आता पुस्तकही त्या बायांनाच सामील! तिनं तो फर्मा उचलला आणि रद्दीच्या गठ्ठ्याखाली सारला. सोनियाची निवड होते तिथंच पुस्तक संपलेलं बरं.

रहीमभाई आले. त्यांनी शिवायचा गठ्ठा नुसता चिमटीत धरून पाहिला.

"एक फर्मा कमी हाय."

"शेवट लई भंकस हाय, अब्बा. कुणी नाय वाचला तरी चालंल."

"लोकांची अमानत हाय ती. काढ."

तिनं पाय आपटत काढून दिला. रहीमभाईंची शाळा उर्दूतली. मराठी ते ओळीखाली बोट ठेवून, अक्षर लावत वाचायचे. सोळा पानांना पाऊण तास लागला. मग त्यांनी फर्मा जागेवर शिवला, वरून खळ लावली, पुठ्ठा चढवला. सोनियाचं ते घरी परतणं त्यांनी चांगलं पक्कं बांधून टाकलं. आमरीनच्या डोळ्यांत संतापानं पाणी आलं.

"चूक हाय ते!" ती ओरडलीच.

"व्हय, चूक हाय." रहीमभाई अजून पुस्तकाकडंच बघत होते. "पोरगी एकटीच बसली स्टँडवर. बाप कुठं होता तिचा?"

"हाय ना पुस्तकात. बोलतच नाय काही."

रहीमभाईंनी बोटांची खळ फडक्याला पुसली. बराच वेळ पुसत राहिले.

"तुझी गाडी किती वाजता असती, बेटा? मी येतो सोडायला."