राहत्या बाईसकट घर

इटलीतल्या जेनोवा शहरातलं एर्सिलियाबाईंचं घर विकायला निघालं होतं, ते त्यांच्यासकट. पैसे आज मोजायचे, किल्ली बाई वारल्यावर घ्यायची. अशा घराला मालकीण जितकी थकलेली, तितका भाव चढा. पाहुणे येणार म्हणून बाईंनी हौसेनं ओठ रंगवले होते. इव्हाल्दोनं, त्यांच्या मुलानं, ते पुसायला लावले.

आलेलं तरुण जोडपं भिंतींकडे बघेचना, बाईंनाच न्याहाळत राहिलं.

"यांची तब्येत तर चांगली ठणठणीत दिसते," त्यातली बायको हिरमुसून म्हणाली.

"कसली ठणठणीत!" इव्हाल्दो घाईघाईनं म्हणाला. "जिना चढताना छाती धरून मटकन खाली बसते. रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही. हा हिवाळा काढला तरी पुष्कळ!"

जोडप्याचे चेहरे खुलले. खरेदीखतासाठी नोटरीकडे कधी जायचं ते ठरवूनच दोघं उठली.

त्यांना जिन्यापर्यंत सोडून इव्हाल्दो हात चोळत परत आला. "जमलं बघ, आई!"

एर्सिलियाबाई ओठ पुसलेल्या रुमालाची घडी घालत होत्या.

"छातीत दुखतं म्हणून दोन वर्षं तुझ्या कानीकपाळी ओरडतेय. डॉक्टरकडे ने म्हटलं की म्हणायचास, नाटकं करू नकोस." त्यांनी रुमाल बाजूला ठेवला. "म्हणजे तुला खरं वाटत होतं तर."