कडूकंदाचे काप

रविनाने टोपलीतले मूठभर काप डब्यात भरले, तेव्हा तिची आई रामी चुलीपाशी पाठमोरी होती. कडूकंदाचे काप राख घालून उकडायचे आणि रात्रभर ओढ्याच्या धारेत ठेवायचे, तेव्हा कुठे त्यांचं विष उतरतं. साखरशेत गावातलं शेंबडं पोरही हे सांगेल. डब्यातल्या कापांनी ओढा पाहिलाच नव्हता.

डबा प्रगतीसाठीच होता. आश्रमशाळेच्या वसतिगृहात रविनाचा प्रत्येक डबा आधी तिच्यापुढे जायचा. आवडलं तर ती खायची, नाहीतर रविनाला नको ते खायला लावून पोरींना हसवायची. कधी मूठभर मीठ, कधी साबणाचा तुकडा. रविनाची झोप उडाली होती, केस गळत होते. अधीक्षिकाबाईंकडे तिने दोनदा तक्रार केली. बाईंनी विचारलं, कुणी पाहिलं? पाहिलेल्या साऱ्याजणींनी माना खाली घातल्या. आता रामी म्हणत होती, जमत नसेल तर चल माझ्याबरोबर वीटभट्टीवर. म्हणजे शाळेत एकतर प्रगती राहणार होती, नाहीतर रविना. रविनाने दात-ओठ खाऊन डब्याचं झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी वसतिगृहात जेवणाच्या पंगतीत प्रगतीने डबा ओढला. एक काप उचलून नाकाशी नेला आणि ती थांबली. ती शेजारच्या जामसर गावची, तीही कडूकंदावर वाढलेली. रविनाकडे बघून ती सावकाश हसली.

"आयेनं मायेनं दिलंय ना? मग तूच खा."

रविनाने हात जोडले. रडली. चाळीस पोरी बघत होत्या. शेवटी तिने तीन काप गिळले.

संध्याकाळी तिचा घसा सुजला, ओकून ओकून डोळे पांढरे व्हायची वेळ आली. जव्हारच्या दवाखान्यात हलवावं लागलं. डबा चुकून भरला गेला, एवढंच ती बोलली. बाकीचं घाबरलेल्या पोरींनी न विचारता सांगितलं. चौथ्या दिवशी प्रगतीचा बाप येऊन लेकीला पेटीसकट घरी घेऊन गेला. तिचं नाव शाळेतून कमी झालं होतं.

रामी खाटेशी बसून रविनाचे पाय चेपत होती. तिच्याने राहवेना.

"कच्चे काप तुला वळखू येतात ना गं? मग भरलेस कशाला?"

रविनाने आधी दाराकडे पाहिलं. आवाज अजून बसलेलाच होता.

"प्रगतीला पण वळखू येतात, म्हणून."