जिरेनियमचा मधला भाग

तेल उकळायला लागलं तशी आत्यांनी नळीच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरली, थेंब टिपला आणि नाकाजवळ नेला. काहीच नाही. थंडीत आलेला ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला. तेव्हापासून हे असंच.

तेलं वेगळी करण्यात आत्यांचं अर्धं आयुष्य सरलं होतं. तेल तापवलं की त्यातलं हलकं आधी उडतं, कॉलमच्या उंच नळकांड्यातून वर चढतं आणि पलीकडे गार होऊन थेंबाथेंबानं बाटलीत उतरतं. जड मागून येतं. एक संपून दुसरं कुठे सुरू झालं ते ओळखायचं आणि बाटली बदलायची. तापमापीतला पारा सांगतो, पण ढोबळ. नेमकं सांगतं ते नाक. आमचा कारखाना आत्यांच्या नाकावर चालतो, असं मालक येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

म्हणूनच आत्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. इतके दिवस पुदिन्याचं तेल होतं म्हणून निभावलं. पुदिन्याचा वास नाही आला, तरी गारवा नाकपुडीला झोंबतो. तो झोंबला की त्या बाटली बदलत. आज जिरेनियम होतं. त्यात आधी चुरगाळलेल्या पाल्यासारखा उग्र भाग येतो आणि मग गुलाबाच्या वळणाचा मधला. एकात दुसरं मिसळलं की सगळाच घाणा वाया.

पारा हलू लागला. आत्यांनी बॉयलरवाल्याला हाक मारली. दिवसदिवस तोंड उघडत नसे म्हणून सगळे त्याला घुम्या म्हणत. त्यांनी पट्टी त्याच्यापुढे धरली आणि कसा येतोय ते विचारलं. आपल्याला त्यातलं काय कळतंय, तुम्हीच बघा, असं म्हणून तो मागे सरला.

"मला येत नाही," आत्या म्हणाल्या. "थंडीपासून काहीच येत नाही रे."

इतक्या महिन्यांत हे वाक्य त्यांनी स्वतःशीसुद्धा उच्चारलं नव्हतं.  घुम्यानं हात फडक्याला पुसले आणि पट्टी घेतली.

पाला, तो म्हणाला. पुढच्या पट्टीला पुन्हा पाला. मग म्हणाला, पालाच, पण दमलेला. आत्यांना हसू आलं, कारण ते तसंच असतं. त्यानंतरच्या पट्टीवर तो थांबला, डोळे मिटले आणि म्हणाला की लग्नात पाहुण्यांच्या अंगावर शिंपडतात ना, ते. आत्यांनी बाटली बदलली.

दुपारी मालक आले. बूच काढून त्यांनी दीर्घ श्वास घेतला आणि असं काम दुसऱ्या कुणाला जमणार नाही म्हणाले. घुम्या झडपेशी उभा होता. त्यानं मान वर केली नाही.

ते गेल्यावर मात्र तो स्वतःहून आत्यांजवळ आला. घरी गॅस सुटला, दूध करपलं तर सांगायला कोण असतं, असं त्यानं विचारलं. कुणी नसतं, आत्या म्हणाल्या. दूध आता त्या आणतच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी बॉयलर पेटायच्या आधीच आत्या त्याच्याकडे गेल्या. पिशवीतून त्यांनी एक तपकिरी मफलर काढला. लोकर ठिकठिकाणी विरली होती. ह्यांचा, त्या म्हणाल्या. ते गेल्यापासून धुतलेला नाही. हिवाळ्यापर्यंत मी रोज कपाट उघडून वास घेत होते, आता उघडून उपयोग नाही.

"अजून येतो का, ते सांग. खरं सांग."

घुम्यानं मफलर दोन्ही हातांत घेतला. काल पट्टी धरली होती तशी एक कड धरली, मग सगळाच तोंडाशी नेला.  काल त्याला शब्द पटपट सापडले होते, आज सापडत नव्हते.

"येतोय," तो अखेर म्हणाला.

"कसला?"

"माणसाचा."

आत्यांनी मफलर परत घेतला आणि नीट घडी घातली. कुणाचा, हे काही त्यांनी विचारलं नाही.