दूरचा तुकडा

"थांब, पोरी," परीक्षक प्राध्यापक तुमुसीमे म्हणाले. "जनुक इथे. तुझा तुकडा तिकडे कोसभर लांब. मध्ये आणखी दोन जनुकं. तुकडा स्वतः काही म्हणजे काही बनवत नाही. आणि तू म्हणतेस, हुकूम त्याचाच चालतो?"

कंपालातल्या त्या सभागृहात पीएच.डी.ची तोंडी परीक्षा सगळ्यांसमोर होते. नाबातान्झीसाठी मसाक्याहून अर्धं गाव बस करून आलं होतं. पहिल्या रांगेत आई, शेजारी कडक इस्त्रीची गोमेसी नेसलेली आत्या नालुबेगा. आत्याला मूलबाळ नाही. त्यावरून गावातली तोंडं काय काय बोलतात, ते इथे नको.

नाबातान्झीने पुन्हा पडद्याकडे बोट केलं. रोगाशी लढणाऱ्या पेशीतून तो तुकडा कापला, की जनुक गप्प. पेशीला जंतू कळतो, पण ती लढायला उठत नाही. "तोच तुकडा उलटा करून बसवला, सर, तरी जनुक जागं होतं."

"आकडे वाचलेत मी. कसं, ते सांग. समोरच्या पाहुण्यांना कळेल असं. नाही जमलं, तर तुलाच कळलेलं नाही."

  पोरीची इतक्या वर्षांची मेहनत एका उत्तरावर आली होती. मग तिची नजर पहिल्या रांगेवर गेली.

"सर, मुलगी मागायला पाहुणे आले, की आपल्याकडे मुलगी आपणहून बाहेर येते?"

"छे! आत्या आणते."

"आत्या राहते कुठे? चार गावं पलीकडे. वाटेत दुसऱ्यांच्या मुली असतात, तिथे ती थांबत नाही. डीएनएचा धागा वळतो, आणि हा तुकडा थेट आपल्याच जनुकाला येऊन टेकतो. आत्या आली नाही, तर सगळी तयारी असून मुलगी आत, पाहुणे परत."

"वा गं वा! मी जिवंत असताना?" नालुबेगा भर सभेत ओरडली.

हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. प्राध्यापकांनी चष्मा काढून डोळे पुसले, शेजारच्या परीक्षकांकडे पाहून मान हलवली आणि म्हणाले, "बसा, डॉक्टर नाबातान्झी."

आता टाळ्या थांबतात कशाच्या! अध्यक्षबाईंनी कसाबसा आवाज चढवला. "डॉक्टरांच्या आईनं उभं राहावं."

आईचा ऊर अभिमानाने भरून आला होता. ती उठली, वळली आणि नालुबेगाच्या दंडाला धरून तिला ओढू लागली.

"अहो वहिनी, आईला बोलावलंय!"

"उठा मुकाट्यानं, वन्सं," आई म्हणाली, आणि स्वतः खाली बसली.