रस्त्याकडचा तुकडा

गावच्या सामुदायिक शेती संस्थेची सभा कोथरूडच्या हॉलमध्ये भरली, कारण बहुतेक शेतकरी आता तिथेच राहत. जमीन बिल्डरला विकायचा ठराव येताच भराभर हात वर झाले. अजून गावातच शेती करणाऱ्या अध्यक्षा आम्रपालीताईंना जमीन विकायची नव्हती. तरी त्यांनी शांतपणे विचारलं, "वाटणीत रस्त्याकडचा तुकडा कोणाचा धरायचा?"

"आमचा. तो माझे आजोबाच कसायचे," अभय म्हणाला.

"अहो, कसायचे माझे आजोबा! तुमचे चहा प्यायला यायचे," अक्षता उसळली.

सभेत रणकंदन माजलं आणि ठराव बारगळला.

खरं तर दोघंही खरंच बोलत होते. भांडणं नकोत म्हणून आजोबामंडळी दरवर्षी आपसांत तुकडे बदलून घेत. ताईंना आता धास्ती एवढीच, की हे कुणाला तरी आठवेल.