स्वच्छ काचेची ट्यूब

मिस्त्रींच्या कपाळावर टोपीची रेघ उमटली होती. रेघेच्या वर नेहमीचा रंग, खाली गळ्यापर्यंत सगळं लालभडक. डोळ्यांवर दवाखान्यातून आणलेला काळा चष्मा. भिंत चाचपडत ते बेकरीत शिरले आणि रोज जिथे पीठ मळत त्या टेबलापासून लांबच उभे राहिले.

"काय मिस्त्री, समुद्रावर जाऊन आलात की काय?" मालकांनी विचारलं.

मालकांच्या थट्टेला एरवी सगळे हसत. आज कुणी हसलं नाही. पाव भरणाऱ्या मावशींचे हातही कोपरापर्यंत तसेच झाले होते. हातमोज्यांनी झाकलेला भाग तेवढा वाचला होता. रात्रभर त्यांच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत होतं. मालकांनी आधी नव्या मैद्यावर खापर फोडलं, मग नव्या साबणावर. स्वतः ते दिवसभर पुढे गल्ल्यावर, त्यामुळे त्यांना काहीच झालं नव्हतं. वरच्या मजल्यावर त्यांची तान्ही नात कालपासून रडत होती. दात येत असतील, असं घरात सगळ्यांचं मत पडलं होतं.

मिस्त्रींनी दवाखान्यातली हकिकत सांगितली. डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा विचारलं, वेल्डिंग करता का. मग म्हणाल्या, इतक्या उन्हात कुठे हिंडत होता. मिस्त्रींना त्या दुखण्यातही हसू आलं. अंधारात कामावर यायचं, दिवस कलल्यावर घरी जायचं. त्यांची आणि उन्हाची गाठ पडायची ती सुट्टीच्या दिवशी. मग बाईंनी विचारलं, काम करता तिथे डोक्यावर कसला दिवा आहे.

सगळ्यांनी वर पाहिलं. टेबलाच्या वर माशा मारायची पेटी टांगलेली होती, जाळीमागे निळी ट्यूब. जुनी गेली म्हणून मालकांनी परवाच स्वतः नवी आणून बसवली होती. जुनीची काच दुधट होती. हिची अगदी लख्ख, आरपार दिसणारी. मालकांना स्वच्छतेचं वेड, त्यामुळे दुकानात हीच त्यांच्या मनात भरली. शिवाय खोक्यावर 'जंतुनाशक' असं लिहिलेलं. म्हणजे माशाही मरतील आणि जंतूही. लांबी तीच, पिना त्याच, उजेडही निळाच. ट्यूब लावल्यापासून टेबलाशी एक तिखट, धुतल्यासारखा वास येत होता. तोही त्यांना स्वच्छतेचाच वाटला होता.

"आधी ती बंद करा," मिस्त्री म्हणाले.

मालकांनी बटण दाबलं. निळा उजेड गेला आणि टेबल एकदम नेहमीसारखं दिसायला लागलं.

"दिसतो तो उजेड काही करत नाही म्हणे," मिस्त्री म्हणाले. "त्याच्यासोबत जो दिसत नाही, तो करतो. चटका नाही, ऊबसुद्धा नाही. जंतूंना मारतो तसा आपली कातडीही जाळतो, डोळ्याचा वरचा पापुद्राही. आणि जाळतो तेव्हा कळत नाही. काही तासांनी कळतं."

मालक खाली मान घालून उभे राहिले. चूक माझी, असं त्यांनी कबूल केलं, दोघांनाही बरं वाटेपर्यंत घरी राहायला सांगितलं, दवाखान्याचं मी बघतो म्हणाले. त्यांचा चेहरा बघून मिस्त्रींनाच वाईट वाटलं. आमचं येईल भरून, त्यांनी सांगितलं, डोळे दोन-तीन दिवसांत निवळतात, कातडी सोलून नवी येते, मोठ्या माणसाला एवढं सोसतं. मावशी म्हणाल्या, उजळ दिसायला लोक काय काय फासतात, माझं सालपट आयतं निघेल. तेव्हा कुठे मालक थोडे हसले.

ट्यूब निवली तशी त्यांनी ती फडक्यात धरून काढली. मावशींनी कोपऱ्यातलं खोकं आणलं. त्याच्या बाजूला डोळ्याचं चित्र होतं आणि त्यावर आडवी फुली. टक लावून पाहू नये, एवढाच अर्थ मालकांनी त्या दिवशी लावला होता. मावशींनी झाकण उघडलं. आत पुठ्ठ्याच्या दोन खाचा होत्या. एकीत त्यांनी ट्यूब ठेवली. दुसरी रिकामी होती.

"मालक, जोडी होती का ही?"

मालकांनी खोक्याकडे पाहिलं. त्यांच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"पिल्लूच्या खोलीत डास होतात म्हणून..." एवढंच ते म्हणाले आणि जिन्याकडे धावले.

मावशी त्यांच्यामागून निघाल्या. निम्म्या जिन्यात त्यांना सकाळचं आठवलं. मालकांची सून बाळाला घेऊन खाली आली होती. बाळाचे गाल लालचुटूक. काय रंग चढलाय बाई, असं म्हणून मावशींनीच दृष्ट काढल्यासारखी बोटं मोडली होती. बाळाच्या पापण्या सुजून मिटल्या होत्या, पण रडून रडून सुजल्या असतील असं त्यांना वाटलं होतं.

वरून आता रडणं ऐकू येत नव्हतं.

मालकांनी दार ढकललं. पडदे ओढलेले, खोली पाळण्यावरच्या ट्यूबच्या निळ्या उजेडाने भरलेली. पाळण्यालगत बसून सून एका हाताने झोका देत होती. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"शू... आत्ताच झोपलीय, बाबा," ती कुजबुजली. "दिवा लावू नका. ह्या निळ्या उजेडातच जरा शांत पडते ती."

तिने मान वळवली. तिचा पाळण्याकडचा गाल लाल झाला होता.